भाड्याचं गाणं आणि घरचं गाणं



उन्हाळी टोमॅटोची बांधणी चालू आहे. तार ओढून झाली, सुतळी अर्ध्या रानाची राहिलीय. नागअळीचे फोटो काढून ठेवलेत, त्यावर पुढच्या वेळी लिहितो. आज गाडीतल्या गाण्यांचं लिहितोय. तुम्ही म्हणाल, नानांचं हे काय मधेच? पण रात्रीचा माल घेऊन जो जातो त्याला विचारा गाणं किती लागतं ते. शिवाय महिनाभरात तीन जणांनी मला एकच गोष्ट विचारली. ॲपवर पैसे भरून गाणी उतरवली, ती पेनड्राइव्हवर घेतली, गाडीला लावली, तर वाजतच नाहीत. असं का?

माझी बोलेरो पिकअप 2011ची आहे. टेप नंतर बसवलेला. त्याला पेनड्राइव्हचं भोक आहे, ब्लूटूथ नाही. कोथिंबीर-मेथीचा माल असला की आम्ही ओतूरवरून माळशेज घाट उतरतो, मुरबाड, कल्याण करत वाशीला जातो. दिवसभर रानात काम, संध्याकाळी जुड्या भरायच्या, आणि रात्री गाडी चालवायची. डोळा लागायची वेळ आणि घाटातल्या धुक्याची वेळ बरोबर एकच येते. अशा वेळी शेजारी बोलणारा माणूस पाहिजे, नाहीतर गाणं. खरी झोप आली तर गाणंही उपयोगाचं नाही, गाडी बाजूला घेऊन अर्धा तास पडावं हे बरं. पण नुसता कंटाळा आणि एकटेपणा असेल तर गाण्यानं रस्ता सरतो.

पुतण्या म्हणतो, "नाना, पेनड्राइव्ह कशाला वागवता? फोनवर जगातली सगळी गाणी आहेत." त्याचं खोटं नाही. लहानपणी एका गाण्यासाठी आम्ही रेडिओपाशी ताटकळायचो. आता नाव घेतलं की गाणं हजर. पण घाटात रेंज गेली की फोनवरचं गाणं मधेच अडकतं. म्हणून लोक गाणी आधी उतरवून ठेवतात, आणि तिथंच वरचा प्रश्न येतो.

त्याचं उत्तर असं आहे. ॲपमध्ये उतरवलेलं गाणं ही आपली फाइल नसते. ते कुलूप लावून फोनमध्ये ठेवलेलं असतं आणि किल्ली ॲपकडं असते. ॲप उघडलं, आपलं खातं बरोबर निघालं, पैसे भरलेले निघाले, की कुलूप उघडतं आणि गाणं वाजतं. तीच फाइल पेनड्राइव्हवर टाकली तर गाडीच्या टेपला नुसतं कुलूप दिसतं. टेप बिघडलेला नसतो, पेनड्राइव्हही खराब नसतो. स्पॉटिफायचं उदाहरण घ्या. तिथं गाणी उतरवायला पैसे भरावे लागतात, आणि उतरवलेली गाणी चालू राहायला 30 दिवसांतून एकदा तरी फोन नेटवर यावा लागतो. नाही आला तर गाणी बंद.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे खंडानं केलेलं रान आहे. खंड भरतोय तोवर पेरा, पीक घ्या, कुणी आडवं येत नाही. खंड थांबला की बांधाबाहेर. यात फसवणूक नाही, व्यवहारच तसा ठरलेला आहे. फक्त खंडाच्या रानात कुणी विहीर पाडत नाही, एवढं ध्यानात ठेवायचं. मालकानं धंदाच बंद केला तर? तेही झालेलं आहे. गूगल प्ले म्युझिक 2020 मध्ये बंद झालं, विंक म्युझिक 2024 मध्ये बंद झालं. लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या गाण्यांच्या याद्या होत्या त्यात.

आता काही पोरं म्हणतील, कुलूप तोडायची सॉफ्टवेअरं मिळतात. मिळतात. बाजारात पन्नास-शंभर रुपयांत पेनड्राइव्ह भरूनही देतात. मी त्या वाटेला जात नाही, आणि त्याचं कारण कायद्याच्या भीतीएवढंच आपल्या धंद्यातही आहे. आमचं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. विठाबाई नारायणगावकर इथल्याच. गुढीपाडव्याच्या सुमाराला इथं फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावची यात्रा कमिटी येऊन सुपारी ठरवते. त्या कलावंतांची हालत आम्ही जवळून बघतो. 20 किलोच्या क्रेटला भाव मिळाला नाही तर आपण रस्त्यावर टोमॅटो ओततो, आणि दुसऱ्याच्या गळ्याचा माल मात्र फुकट पाहिजे म्हणतो. हे मला पटत नाही.

मग जुन्या गाडीत ॲपचं गाणं वाजवायचं कसं? सरळ मार्ग हे, की गाणं फोनमध्येच राहू द्यायचं आणि गाडीला फक्त आवाज द्यायचा. त्याच्या तीन तऱ्हा आहेत.

एक, टेपला AUX असं लिहिलेलं गोल भोक असेल तर हेडफोनसारखी वायर. सगळ्यात स्वस्त, आवाज चांगला, बिघडण्यासारखं काही नाही. नव्या फोनला हेडफोनचं भोक नसेल तर जोडणी वेगळी घ्यावी लागते.

दोन, AUX आहे पण फोनला वायर नको, तर त्या भोकात बसणारा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर. त्याला चार्जिंग लागतं.

तीन, AUX नसेल तर सिगारेट लायटरच्या जागी बसणारा FM ट्रान्समीटर. तो फोनचं गाणं रेडिओच्या लहरीवर सोडतो आणि गाडीचा रेडिओ ते पकडतो. 87.5 ते 108 च्या दरम्यान जिथं कुठलंच स्टेशन लागत नाही असा आकडा दोन्हीकडं लावायचा. आपल्याकडं मोकळी जागा भरपूर मिळते. कल्याणच्या पुढं स्टेशनांची गर्दी झाली की खरखर सुरू होते, मग आकडा बदलायचा, तोही गाडी थांबवून.

तिन्हींत गाणी आधी उतरवलेली असली म्हणजे घाटात रेंज लागत नाही.

आता पेनड्राइव्हकडं येतो. तो मी अजून काढलेला नाही, आणि काढणारही नाही. त्यावर जे आहे ते माझं आहे. वेळोवेळी विकत घेतलेल्या भजनांच्या आणि लोकगीतांच्या सीड्या होत्या, त्या कॉम्प्युटरवर घेऊन MP3 केल्या. गावातल्या भजनी मंडळानं सप्त्यात स्वतःच रेकॉर्ड करून वाटलेलं आहे. आणि एका फोल्डरमध्ये आईच्या ओव्या आहेत.

2016 साली थोरल्या मुलीच्या लग्नात जातं पुजून हळद दळली. आई तेव्हा सत्तरीच्या पुढं होती. दळायला पोरी बसल्या, पण त्यांना ओव्या येत नव्हत्या. मग आई बाजूला बसून ओव्या सांगायला लागली आणि थांबेचना. धाकट्या मुलीनं फोन तिच्या जवळ ठेवून दिला. चाळीस मिनिटं. मधे जात्याची घरघर आहे, कुणाचं तरी रडणारं पोर आहे, आचारी "गूळ कुठाय" म्हणून ओरडतोय तेही आहे. त्या ओव्यांत माझ्या मामांची नावं येतात, आमच्या जुन्या विहिरीचं येतं, मी शाळेत असताना दावणीला जी बैलजोडी होती तिचंही येतं. आई 2019 ला गेली. तो फोन 2021 मध्ये कायमचा बंद पडला, दुरुस्तीवाल्यानं हात टेकले. पण लग्नाची पाहुणी पांगायच्या आतच धाकटीनं ते रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घेतलं होतं, म्हणून आज ते आहे. जगातली सगळी गाणी असलेल्या त्या ॲपवर हे चाळीस मिनिटांचं गाणं कितीही पैसे भरले तरी मिळणार नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं मोठं काम केलं. गावोगाव फिरून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या. 'पारी' या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी ऐकायला मिळतात. जरूर ऐका. ते ऐकताना कळतं की आपल्याच आया-आज्यांच्या गळ्यात केवढा साठा होता.

मी बी राखणारा माणूस आहे. हायब्रीड टोमॅटोचं बी दर हंगामाला विकत आणतो, त्याबद्दल तक्रार नाही, उत्पन्न त्यातूनच निघतं. हायब्रीडचं बी राखलं तर पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत, हे माहीत असूनच तो व्यवहार करतो. पण गावरान घेवडा, वाल, काशीफळ यांचं बी आजही राखेत घोळून डब्यात ठेवतो. घरचं बी राखायचा हक्क शेतकऱ्याला 2001 च्या वाणसंरक्षण कायद्यानं दिलाय. पण कायद्यानं हक्क दिला तरी डबा आपल्यालाच भरावा लागतो. गाण्याचंही मला तसंच वाटतं. ॲपचं गाणं हंगामापुरतं, ते खुशाल ऐका. घरचं गाणं मात्र राखून ठेवा.

राखायचं कसं, ते अनुभवावरून लिहितो:

1. फोनमधलं रेकॉर्डिंग बहुतेक m4a किंवा amr मध्ये असतं, व्हॉट्सॲपवरचा आवाज opus मध्ये. जुने टेप यांतलं काही वाजवत नाहीत. कॉम्प्युटरवर VLC नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात MP3 करून घ्या. मूळ फाइल पुसू नका.

2. पेनड्राइव्ह 32 GB किंवा त्यापेक्षा लहान घ्या आणि FAT32 मध्ये फॉरमॅट करा. मोठे पेनड्राइव्ह exFAT मध्ये येतात, जुन्या टेपला ते वाचता येत नाहीत. फॉरमॅट केलं की आतलं सगळं जातं, म्हणून आधी रिकामा करून घ्या.

3. 128 kbps च्या MP3 ला मिनिटाला साधारण 1 MB लागतो. म्हणजे 8 GB मध्ये सव्वाशे तासांच्या वर बसतं. त्यापेक्षा मोठा घेऊन करायचं काय?

4. बरेच टेप नावाच्या क्रमानं वाजवत नाहीत, ज्या क्रमानं फाइली भरल्या त्या क्रमानं वाजवतात. फाइलला 01, 02 असे आकडे द्या आणि त्याच क्रमानं भरा. नावं इंग्रजी अक्षरांत द्या, मराठी अक्षरांच्या जागी टेपवर चौकोन दिसतात.

5. नखाएवढा छोटा पेनड्राइव्ह मिळतो तो घ्या. लांब असला की गुडघा लागून भोक सैल होतं.

6. गाडीतली प्रत ही वापरायची प्रत. एप्रिल-मेच्या उन्हात गाडी तापते, पेनड्राइव्ह कधीतरी जाणारच. दुसरी प्रत घरात, तिसरी मुलीकडं किंवा भावाकडं. सगळं बी एकाच कणगीत कुणी ठेवत नाही.

पुतण्यानं परवा FM ट्रान्समीटर आणला आहे. वाशीला जाताना तो त्याची गाणी लावतो, येताना रिकाम्या गाडीत मी माझा पेनड्राइव्ह लावतो. मागच्या खेपेला टोकावड्याच्या अलीकडं आईच्या ओव्या लागल्या. तो पुढं करायला हात नेणार होता, तेवढ्यात त्याच्या बापाचं नाव आलं ओवीत. हात तसाच राहिला. "आजी माझं पण नाव घ्यायची का?" म्हणाला. म्हटलं, तिसाव्या मिनिटाच्या पुढं आहे, ऐक.

ज्यांच्या घरात अजून ओव्या, भलरी, मोटेवरची गाणी येणारी म्हातारी माणसं आहेत, त्यांनी यंदाच्या लग्नसराईत एवढं एक काम करा. फोन जवळ ठेवा आणि त्यांना बोलू द्या. तुमच्याकडं कुणाकुणाला येतात, ते मलाही सांगा.