तिसऱ्या रांगेतून ऐकलेलं गाणं

गाणं कुणाचं, असं विचारलं की आपण तीन नावं सांगतो. गायक, गीतकार, संगीतकार. तबकडीवरही तीच छापलेली असत. पण मुखडा संपल्यावर चाळीस-पन्नास व्हायोलिन्स एकदम उसळून येतात, ते कुणी लिहिलं? अंतऱ्याच्या आधी बासरी दोनच सूर टाकून निघून जाते, ते कुणी ठरवलं? घरोघरी हा प्रश्न पडत नाही. मला पडतो, कारण त्या व्हायोलिनवाल्यांतला मी एक होतो. तिसरी रांग, भिंतीकडची खुर्ची.

हे लिहिणाऱ्या माणसाला आमच्या लाइनीत अरेंजर म्हणत. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचे. अरेंजर शेजारी बसून ती कागदावर उतरवायचा, आणि मग त्याची खरी रात्र सुरू व्हायची. समजा, बाईंचा सूर काळी चार आहे. व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारांपैकी त्या सुराच्या शुद्ध सप्तकात एकच बसते, म्हणून वाद्य जरा मुकं वाटतं. ती भर व्हिओला आणि चेलोतून काढायची. ट्रम्पेटवाल्याच्या कागदावर तोच षड्ज एक स्वर वर लिहायचा, आल्टो सॅक्सोफोनवाल्याला आणखी वेगळा, कारण ती वाद्यं मुळात वेगळ्या सुरात बांधलेली असतात. व्हिओलाची तर लिपीच निराळ्या खुणेने सुरू होते. प्रत्येकाचा कागद वेगळा, आणि सगळ्यांनी मिळून वाजवायचं एकच गाणं. चाल ऐकून डोळे पाणावणारे पुष्कळ असतात, हा हिशेब जमणारे थोडे.

हे काम मुंबईत आणलं ते बरंचसं गोव्याच्या मंडळींनी. तिथल्या चर्चशाळांत मुलांना लहानपणीच स्टाफ नोटेशन वाचायला शिकवत. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतला तो भव्य वाद्यमेळ सेबास्टियन डिसूझा यांच्या लेखणीतून उतरत असे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तलं त्यांच्या नावाचं गाणं सगळ्यांना पाठ आहे, मात्र हा खराखुरा माणूस होता, हे कितीजणांना ठाऊक? राग आणि पाश्चात्त्य स्वरमेळ यांची सांगड घालण्याचं वेड त्यांनी घेतलं होतं. ते सोपं नव्हे. रागाला आपले वर्ज्य स्वर असतात, आणि खाली ठेवलेल्या कॉर्डमध्ये नेमका तोच स्वर डोकावतो. कच्चा अरेंजर तिथे रागाचा जीव घेतो. मुरलेला माणूस कॉर्ड अर्धवट ठेवतो, किंवा सरळ गप्प बसतो.

हे गप्प बसणं मी जवळून पाहिलं. आमचे एक अरेंजर रिहर्सलला पेन्सिल घेऊन उभे राहत आणि आमचेच पीस खोडत. ‘‘बाई श्वास घेतात तिथे वाजवा, गातात तिथे कशाला?’’ असं म्हणायचे. आम्ही मनातून चिडायचो. रात्रभर लिहिलेलं खोडायला माणूस मोठा असावा लागतो, हे मला आजही पटतं.

तेव्हा सगळे एकत्र बसून वाजवत. एकाचा गज चुकीचा फिरला की सगळ्यांचा टेक फुकट, आणि मग साठ माना त्या बिचाऱ्याकडे वळत! नव्वदच्या दशकात कीबोर्ड आणि संगणक आले, एकेक वाद्य सुटं मुद्रित होऊ लागलं. पन्नास व्हायोलिन्सचा आवाज एका बोटाखाली आला, आणि आठवड्याच्या पाच शिफ्ट दोनवर आल्या. मी शिकवण्या धरल्या. संगणकाला शिव्या घालणाऱ्यांतला मी नाही. त्यावरही जाणता माणूस सुंदर लिहितो. पुढे २०१६ साली अजय-अतुल यांनी ‘सैराट’साठी थेट हॉलिवूडमध्ये वाद्यवृंद बसवला. ते ऐकताना अंगावर काटा आला, आणि पोटात थोडं तुटलंही. मराठी गाण्याला खरी व्हायोलिन्स मिळाली, पण ती वाजवणारी रांग मुंबईतली नव्हती.

खरी हळहळ मात्र वेगळीच आहे. रेकॉर्डिंग संपलं की आमचे कागद स्टँडवरच राहत आणि दुसऱ्या दिवशी केरात जात. जपावेत असं कुणाला वाटलं नाही. त्यामुळे आज जुन्या गाण्यांचा कार्यक्रम करायचा तर सगळं पुन्हा कानाने उतरवावं लागतं. हल्ली ते काम माझ्याकडे येतं. कानाला हेडफोन लावून मी तीच ओळ वीस-वीस वेळा ऐकतो. ‘‘एवढं पाठ झालेलं गाणं अजून काय ऐकता?’’ असं ही विचारते. सध्या एका द्वंद्वगीताशी झटापट चालू आहे. व्हायोलिन्स उतरली, बासरी उतरली, चेलोही सापडला. गायकाच्या आवाजाआड मधली व्हिओलाची ओळ आहे, ती हलते एवढं कळतं, पण कुठून कुठे जाते ते तीन रात्री झाल्या तरी हाती लागत नाही.