राजूर घाट, सासूबाई आणि आमची हायब्रिड गाडी

“गाडी चार्जिंगला कुठे लावता हो?”

हा प्रश्न गेल्या दीड-दोन वर्षांत मला किती जणींनी विचारला असेल, त्याची गणतीच नाही. शेजारच्या वहिनींनी विचारला, भिशीतल्या मैत्रिणींनी विचारला, भाजीवाल्या मावशींनीसुद्धा विचारला! “लावतच नाही” म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, “मग विजेवर चालते म्हणता ती कशी?”

तर मैत्रिणींनो, आज त्याचंच उत्तर द्यायला बसले आहे. पण नुसतं यंत्र समजावून सांगण्यापेक्षा तुम्हाला आमच्या बुलडाणा जिल्ह्यातून एक चक्कर मारून आणते. जिल्हा फिरूनही होईल आणि अशी गाडी आपल्या घराला परवडते की नाही, तेही कळेल. कंपनीचं नाव सांगत नाही, नाहीतर जाहिरात वाटायची!

आमचं बुलडाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलं. हवा छान, पण गावाला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर घाट उतरून मलकापूर गाठा. खामगाव-जालना रेल्वेची मागणी शंभर वर्षांहून जुनी. आमच्या आजेसासऱ्यांनी ती ऐकली, आम्हीही ऐकतो आहोत. त्यामुळे दवाखाना असो, लग्न असो की देवदर्शन, सारा भरवसा एसटीवर नाहीतर स्वतःच्या चाकांवर. सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून एसटीच्या पायऱ्या त्यांना चढवेनात. मेहकर तालुक्यातलं त्यांचं माहेर चार वर्षांत घडलं नव्हतं. म्हणून ह्यांच्या निवृत्तीच्या पैशांतून २०२४ मध्ये गाडी घ्यायचं ठरलं. ह्यांनी वर्तमानपत्रात वाचलं, मायलेज सव्वीस! झालं, तिथेच पक्कं झालं.

आता ही गाडी चालते कशी, ते स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगते. पोळ्या झाल्यावर गॅस बंद करतो, पण तवा तापलेलाच असतो. सुगरण बाई त्या तव्यावर दोन पापड भाजून घेते. साध्या गाडीत ब्रेक दाबला की सारा वेग ब्रेकच्या घर्षणात उष्णता होऊन वाया जातो. हायब्रिड गाडी पापड भाजून घेते! ब्रेक दाबताना किंवा उतारावर तिची मोटर उलटी जनित्रासारखी फिरते, वीज तयार करते आणि बॅटरीत साठवते. पुढे हळू चालताना तीच वीज वापरते आणि इंजिन बंद ठेवते. वीज कमी पडली की इंजिन आपोआप सुरू होतं. पेट्रोल भरायचं, बस. प्लग नाही, वायर नाही.

पहाटे सहाला आम्ही राजूर घाट उतरू लागलो. पडद्यावर एक बाण चाकांकडून बॅटरीकडे धावत होता. इंजिनचा आवाज नाही. मागून सासूबाई घाबरून म्हणाल्या, “अवं, गाडी बंद पडली काय व?” मी म्हटलं, “नाही आई, ती आता कमाई करते आहे.” खाली पोहोचेपर्यंत बॅटरी चांगली भरली होती आणि मोताळ्यातून आम्ही कितीतरी अंतर पेट्रोलचा थेंब न जाळता गेलो. मात्र हेही सांगते, उलट येताना हाच घाट चढायचा असतो, तेव्हा इंजिन चांगलंच ओरडतं. उतारावरची कमाई चढावर खर्च होते, संसारासारखीच!

मलकापूरहून महामार्गाला लागलो. नांदुऱ्याला १०५ फुटी हनुमानाला गाडीतूनच हात जोडले आणि शेगाव गाठलं. गुरुवार असल्याने गर्दी मरणाची. रिक्षा, दिंड्या, हारफुलांच्या गाड्या, सगळं मुंगीच्या पावलांनी चाललेलं. अशा ठिकाणी साधी गाडी पेट्रोल पिते. आमची मात्र शांतपणे विजेवर सरकत होती. पडद्यावरचा आकडा महामार्गावर १९ होता, तो शेगावात शिरल्यावर चढू लागला. म्हणजे बघा, जिथे थांबत-थबकत जायचं तिथे हिची बचत जास्त. गजानन महाराजांनी १९१० मध्ये समाधी घेतली, त्या स्थानी सासूबाईंनी निवांत डोकं टेकलं. मुक्काम भक्तनिवासात केला.

दुसऱ्या दिवशी खामगाववरून मेहकर. शारंगधर बालाजीचं दर्शन घेतलं आणि सासूबाईंच्या माहेराकडे वळलो. इथे आमची फजिती झाली. सेडान म्हणजे बुटकी गाडी. पाच माणसं बसलेली, त्यात बॅटरीचं वजन. गावाच्या अलीकडच्या नाल्यावर पोट घासल्याचा कर्रकन आवाज आला, काळजात धस्स झालं! आम्ही सगळे उतरून पायी चाललो, हे एकटे गाडी घेऊन पुढे. सासूबाई मात्र आतच. कारण त्यांना उतरवणं आणि पुन्हा बसवणं हे वेगळंच काम होतं.

ही चूक सर्वस्वी आमची. शोरूममध्ये आम्ही दोघंच गेलो होतो. ज्यांच्यासाठी गाडी, त्यांनाच नेलं नाही! सेडानची सीट खाली असते, दुखऱ्या गुडघ्यांना तिच्यातून उठणं जड जातं. आता सीटवर घट्ट भरलेली गादी ठेवली आहे. आधी पाठ करून बसायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे, असं त्यांना शिकवलं. निभावतं, पण आधी त्यांना बसवून पाहिलं असतं तर कदाचित उंच गाडीच घेतली असती.

भावजयीने निघताना तुरीचं पोतं दिलं. डिकी उघडली तर पोतं मावेना! हायब्रिड सेडानमध्ये बॅटरीला जागा लागते. होंडा सिटीचंच उदाहरण घ्या. साध्या सिटीची डिकी ५०६ लिटरची आणि हायब्रिडची ३०६ लिटरची. शेवटी तुरी तीन पिशव्यांत भरून पायांशी ठेवल्या.

तिथून लोणार. उल्का आदळून झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर कितीदा पाहिलं तरी मन दडपून जातं. खाऱ्या पाण्याचं हे सरोवर २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं होतं ते आठवतं ना? खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा मान मिळाला. सासूबाईंनी काठावरूनच पाहिलं. दैत्यसूदनाच्या देवळातलं कोरीवकाम मात्र नातीच्या हाताला धरून पाहिलं.

परतताना मेहकरहून समृद्धी महामार्गाला लागलो आणि चाक माझ्या हातात आलं. हो, मी चालवते! ह्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दवाखान्यात न्यायला कोणी नव्हतं, म्हणून बावन्नाव्या वर्षी शिकले. क्लच नाही, गिअर नाही, घाटात गाडी मागे सरकायची भीती नाही. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. मी शंभराच्या वर गेले तेव्हा मायलेजचा आकडा १७ वर आला. एवढ्या वेगात ब्रेकच लागत नाही, मग साठवणार काय? तवा तापलेलाच नाही, पापड कुठून भाजणार! सिंदखेडराजाजवळ आलो तेव्हा गाडीतलं बोलणं थांबलं. १ जुलै २०२३ च्या रात्री इथेच खासगी बस पेटून २५ प्रवासी गेले होते. मी वेग ऐंशीवर आणला तो तसाच ठेवला. टायरची हवा निघण्यापूर्वी तपासायची सवय आम्हाला तेव्हापासूनच लागली आहे.

लखुजी जाधवांच्या वाड्यात जिजाऊंचं जन्मस्थान आहे. १२ जानेवारी १५९८ ही त्यांची जन्मतारीख. तिथे नमस्कार केला आणि देऊळगावराजा, चिखली करत दिवेलागणीला घरी आलो. साधारण साडेतीनशे किलोमीटर झाले होते. सरासरी पडली २१. वर्तमानपत्रातले सव्वीस काही दिसले नाहीत, पण तक्रार नाही. ते आकडे प्रयोगशाळेतल्या चाचणीचे असतात, आपले रस्ते वेगळे.

आता खरा मुद्दा, हिशेब! रात्री वही काढून मी मांडला, तुम्हीही मांडा. समजा, साध्या आणि हायब्रिड गाडीच्या किमतीत चार लाखांचा फरक आहे. साधी लिटरला १५ देते, हायब्रिड २१. महिन्याला हजार किलोमीटर फिरलात तर सुमारे १९ लिटर पेट्रोल वाचतं. १०५ रुपये भाव धरला तर महिन्याला दोन हजार, वर्षाला चोवीस हजार. चार लाख वसूल व्हायला साडेसोळा वर्षांहून जास्त! आणि तेच चार लाख सहा टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवले असते तर व्याजही वर्षाला चोवीस हजारच आलं असतं, शिवाय मुद्दल शाबूत. हे वाचून आमचे हे बराच वेळ गप्प होते! महिन्याला अडीच हजार किलोमीटर होत असतील, तेही गर्दीच्या शहरात, तर साडेसहा-सात वर्षांत पैसे निघतात. आमचं फिरणं तेवढं नाही.

मग पस्तावले का? नाही. गाडी शांत चालते, सासूबाईंना माहेर घडलं, मला चाक मिळालं. पण खोटं कशाला बोलू? यातलं बरंचसं साध्या ऑटोमॅटिक गाडीतही मिळालं असतं, काही लाख कमी देऊन. म्हणूनच तुम्हाला सांगते, जाहिरातीतलं मायलेज पाहू नका. आपले रस्ते आणि आपली माणसं पाहा.

घ्यायचीच असेल तर एवढं लक्षात ठेवा. ‘हायब्रिड’ या शब्दाला भुलू नका. जुन्या बाजारात २०१५ नंतरच्या मारुती सियाझवर हायब्रिडचा शिक्का दिसतो. ती ‘माइल्ड’ हायब्रिड, म्हणजे मोटर नुसती हातभार लावते, गाडी विजेवर धावत नाही. ‘स्ट्राँग’ हायब्रिड सेडान आपल्याकडे थोड्याच. होंडा सिटी मे २०२२ मध्ये साडेएकोणीस लाखांच्या आसपास आली. टोयोटा कॅमरी डिसेंबर २०२४ मध्ये नव्या रूपात आली ती ४८ लाखांना! महागाईचं एक कारण कर. आम्ही घेतली तेव्हा २८ टक्के जीएसटी आणि वर १५ टक्के सेस होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा मोठ्या गाड्यांना एकूण ४० टक्के लागू झाला, तर निव्वळ विजेच्या गाडीला ५ टक्केच.

चाचणीसाठी गाडी मोकळ्या हमरस्त्यावर नेऊ नका. बाजारातून न्या, चढावर न्या. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला बसवून पाहा. डिकी उघडून स्टेपनी आहे का ते बघा. मोठ्या बॅटरीची हमी लेखी घ्या. ती साधारणपणे ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी असते. सर्व्हिसिंगला किती लांब जावं लागेल, तेही विचारा. आम्हाला जिल्ह्याबाहेर जावं लागतं, त्यात एक दिवस मोडतो.

घेतल्यावरची काळजी सोपी आहे. आत जाड नारिंगी वायरी दिसल्या तर गल्लीतल्या मेकॅनिकला हात लावू देऊ नका, त्यांत जबर वीज असते. काही गाड्यांत मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा जाणारी जाळी असते, तिच्यावर शाल किंवा पिशवी टाकू नका. आणि गाडी महिनाभर उभी ठेवू नका. मुलीकडे पुण्याला राहून आलो तर आमची गाडी जागीच होईना! मोठी बॅटरी असली तरी गाडी जागी होते ती साध्या लहान बॅटरीवर, आणि तीच उतरली होती. आता आठवड्यातून एकदा तरी फेरी होतेच.

बहुतेक गुरुवारी होते. सासूबाई सकाळीच आवरून, गादी काखेत घेऊन दारात उभ्या असतात.