करुणा आणि बधिर पाय

कुष्ठरोगात तळपायाला पडणारा व्रण, म्हणजे संवेदना गेलेल्या त्वचेवर चालण्याचा दाब येत राहिल्याने झालेली आणि महिनोन्महिने न भरणारी जखम, ख्रिस्ती सेवेतील करुणेची कठोर परीक्षा घेतो. कारण येथे प्रेमाने केलेली मलमपट्टीसुद्धा पाय गमावण्यास हातभार लावू शकते. कुष्ठरोग्याचे मांस आपोआप झडते, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी रुग्णांचे हातपाय बारकाईने पाहून दाखवून दिले की, वेदना कळत नसल्यामुळे ते रोजच्या वापरात जखमी होत राहतात, आणि विश्रांती मिळाली तर ते मांसही भरून येते.

अडचण उरते ती या विश्रांतीचीच. चवड्याखाली, घट्ट्याच्या पिवळट कडांआड दडलेला व्रण भिजवून, कडा तासून बांधणे हाताला लवकर जमते. परंतु जो पाय दुखतच नाही तो टेकू नये, हे रुग्णाला पटवणे वर्षानुवर्षांच्या सरावानेही जमत नाही. दुखऱ्या पायाचा माणूस कोणी न सांगता लंगडतो. बधिर पाय मात्र पट्टीसह शेतावर जातो आणि संध्याकाळी पट्टी भिजलेली असते. पायाला सर्व बाजूंनी बसणारे प्लॅस्टर भार वाटून घेते हे खरे, पण प्लॅस्टर असताना बुडणाऱ्या मजुरीचा विचार ज्याने केला नाही, त्याचे ज्ञानही अपुरेच म्हणावे लागते.

स्वच्छ, घट्ट, सुरेख पट्टीचा बांधणाऱ्याला गर्व वाटतो. प्रस्तुत लेखकाच्या मनातून तो आजही गेलेला नाही, आणि घट्टा तासताना हात थरथरू लागल्यामुळे हे काम शिकाऊ हातांकडे सोपवताना तर तो अधिकच जाणवतो. पट्टी पाहून समाधान पावलेले डोळे पायाखालची चप्पल पाहायला विसरतात.

लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील शोमरोनी माणसाला वाटेत पडलेल्या जखमीचा कळवळा आला, एवढ्यावर येशूचा दाखला थांबत नाही. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, त्या बांधतो, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवतो आणि उतारशाळेच्या रक्षकाला दोन दिनार देतो. तळपायाच्या व्रणावर काम करणाऱ्याला यातले जनावर सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण जखमी माणसाला त्याने चालू दिले नाही. प्रेषित पौलही रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आपल्या बांधवांची देवाविषयीची आस्था मान्य करतो, पण तिला ज्ञानाचा आधार नसल्याची खंत लपवत नाही.

डिसेंबर २००५ मध्ये भारताने राष्ट्रीय पातळीवर दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले. तेव्हापासून समाजाचे लक्ष ओसरले, आणि कोठारा किंवा मिरजेच्या कुष्ठरोग रुग्णालयांसारख्या ठिकाणी जपलेले हे हातांतले कसब शिकायला येणारे कमी होत गेले. बधिरता मात्र औषधोपचार पूर्ण झाल्यावरही अनेकांच्या पायांत कायम राहते. ३० जानेवारीच्या कुष्ठरोग निवारण दिनी वाटल्या जाणाऱ्या कडक तळाच्या चपला देणाऱ्यांचा हेतू निर्मळ असतो, परंतु अशी चप्पल बधिर पायाला अनवाणी चालण्याइतकीच घातक ठरू शकते. म्हणून मंडळ्यांनी आणि दात्यांनी चपला वाटण्यापूर्वी प्रत्येक पायाचे माप घ्यावे, तळ मऊ मायक्रोसेल्युलर रबराचा आहे आणि त्यात खिळा नाही याची खात्री करावी, आणि पंधरा दिवसांनी तोच पाय पुन्हा हातात घेऊन पाहावा.