विटा कोण चोरणार?

रिमोटचं बटण दाबलं की गाडी बंद! आपल्या पिढीचा दाराच्या कुलपाशी संबंध एवढाच. ते ‘झिजतं’ म्हणजे काय, हे बघायचं असेल तर एकलहऱ्याला या.

नाशिकजवळचं हे गाव ओळखलं जातं ‘थर्मल’मुळे. पहिला संच १९७०चा. पुढे १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे तीन संच आले. कोळसा जळतो, वीज आपल्या एसीपर्यंत पोचते आणि राख मागे उरते. १९९९मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांच्या आसपास विटा बनवताना ही राख वापरणं बंधनकारक केलं. माझ्या काकांचा वीस वर्षं जुना ट्रक याच विटा वाहतो.

त्याचा ड्रायव्हरकडचा दरवाजा कुठल्याही चपट्या चावीने उघडायचा. इथवर ठीक. पण एकदा वळणावर तो आपोआप उघडला! तरी काकांचं पालुपद एकच, ‘‘अरे, गाडी विकायचीच आहे. आणि विटा कोण चोरणार?’’

ड्रायव्हरदादा शांतपणे म्हणाले, ‘‘शेठ, विटा मागे असतात. आत मी झोपतो.’’

विषय संपला. लांबच्या भाड्याला कॅबिन हेच त्यांचं घर. भाड्याचे पैसे, गाडीचे कागद, डबा, सगळं तिथेच.

मग आम्ही तिघं गॅरेजात. मिस्त्रींनी कुलपाला हातच लावला नाही! दार अर्धं उघडून खालून वर उचललं. ते चक्क हललं. म्हणजे बिजागरीच्या पिना झिजलेल्या. दार खाली बसलं की लॅच चौकटीवरच्या स्ट्रायकरला नीट भिडत नाही, आणि बिचाऱ्या कुलपाला शिव्या बसतात. पिना आणि बुश आधी, बाकी नंतर.

दुसरी गोष्ट लॅचची. तो दोन टप्प्यांत बसतो. पहिल्या टप्प्यावर दार लागल्यासारखं वाटतं, पण खरं धरतं ते दुसऱ्यावर. आमच्या लॅचचा दुसरा टप्पाच गुळगुळीत झालेला. इथे वेल्डिंगचा जुगाड नाही, नवाच घ्यायचा.

राहिलं कुलूप. आत पातळ पत्र्या असतात. चावीचे दात त्यांना ठरावीक उंचीवर आणतात, तेव्हाच ते फिरतं. दोन्ही झिजले की कुठलीही चावी चालते. झिजक्या चावीची डुप्लिकेट काढली तर झीजही कॉपी होते, म्हणून नमुना द्यायचा तो न वापरलेल्या चावीचा. आणि तेल? राखेत सिलिका असते. ती तेलाला चिकटली की कुलपात पॉलिश पेपर घासल्यासारखं होतं! त्यापेक्षा ग्रॅफाइटची कोरडी पूड बरी. पेन्सिलीच्या शिशाची पूडही चालते.

आमचं कुलूप मात्र यापलीकडे गेलेलं. नवं घेतलं, दोन चाव्यांसकट. एक काकांच्या ड्रॉवरमध्ये गेली. दुसरी ड्रायव्हरदादांनी गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवली.

गाडी अजून विकलेली नाही, विकली जाईलही. पण ती विकेपर्यंत आत माणूस आहेच ना! तुमच्याही घरी एखादी जुनी गाडी असेल, तर या वीकेण्डला तिचं दार जरा उचलून बघा.