हाडाने धरलेली दाढ

खालची डावी दाढ काढली तेव्हा मी ५५ वर्षांची होते. ठणका थांबला, एवढ्यावरच मला हायसं वाटलं. पुढे काय करायचं, हे तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. हसताना दिसत नाही, मग कशाला खर्च, असं म्हणता म्हणता चार वर्षं गेली. भाकरी, भाजलेले शेंगदाणे, काकडी, सगळं उजव्या बाजूने चावत होते. शेवटी ती बाजूही दुखू लागली, तेव्हा साताऱ्यातल्याच दुसऱ्या दवाखान्यात गेले.

तिथल्या डॉक्टर मुलीने एक्स-रे समोर धरून दाखवलं. रिकाम्या जागेमागची दाढ थोडी पुढे कलली होती, वरची दाढ खाली उतरू लागली होती आणि मधलं हाड रोडावलं होतं. "काकू, दात गेला की त्याला धरणाऱ्या हाडाला काम उरत नाही, म्हणून ते झिजतं. पहिल्या वर्षात सर्वांत जास्त," ती म्हणाली. हे मला चार वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. ती रुखरुख अजून आहे.

ब्रिज बसवायचा तर शेजारचे दोन दात घासून लहान करावे लागणार होते. ते धडधाकट होते, म्हणून मी इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेल्या स्क्रूवरची दाढ, निवडलं. जबड्याचा सीबीसीटी स्कॅन झाला. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते. तिला धक्का लागला तर ओठ आणि हनुवटी बधिर होऊ शकते. म्हणून इम्प्लांटचं टोक आणि नस यांच्यात निदान २ मिलिमीटर अंतर ठेवतात. माझ्यासाठी १० मिलिमीटर लांबीचा स्क्रू ठरला. पण तारीख मिळाली नाही. मला मधुमेह आहे आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ८.४ आली होती. साखर चढलेली असली की जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते. तीन महिने रोज सकाळी चालले, रात्रीचं जेवण लवकर घेतलं. आकडा ६.९ वर आला, तेव्हा तारीख मिळाली.

त्या दिवशी हिरडीत बधिर करण्याचं इंजेक्शन दिलं. हिरडी उघडून आधी बारीक, मग क्रमाने जाड ड्रिलने हाडात भोक पाडलं. दुखत नव्हतं, पण घरघर कानापेक्षा जबड्यातूनच जास्त ऐकू येत होती. ड्रिलवर सलाईनची धार सतत चालू होती. हाड तापून ४७ अंशांच्या वर गेलं आणि मिनिटभर तसंच राहिलं, तरी त्यातल्या पेशी मरू लागतात. मग टायटॅनियमचा स्क्रू हळूहळू आत फिरवला, वर झाकण बसवलं आणि हिरडी शिवली. पाऊण तासात मी बाहेर आले. दोन दिवस गालाला बर्फ आणि गार, मऊ भात. दहाव्या दिवशी टाके काढले.

त्यानंतर दातच नाही, नुसती तीन महिन्यांची वाट. मी अधीर झाले. तेव्हा डॉक्टरने स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांची गोष्ट सांगितली. १९५२च्या सुमारास ते सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण नंतर निघेचना. हाड त्याला चिकटून वाढलं होतं. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात अशी इम्प्लांट बसवली आणि ती त्या माणसाला चाळीसहून अधिक वर्षं, अखेरपर्यंत पुरली. "आम्ही फक्त स्क्रू ठेवतो, काकू. धरायचं काम तुमच्या हाडाचं," ती म्हणाली. तेव्हापासून साखर सांभाळणं हा मला त्या उपचाराचाच भाग वाटू लागला.

तीन महिन्यांनी एक्स-रे काढून हाड स्क्रूला चिकटल्याची खात्री केली. हिरडीतून वर येणारी टोपी बसवली, म्हणजे दाढेभोवती हिरडीला आकार येतो. दोन आठवड्यांनी माप घेतलं, शेजारच्या दातांशी रंग जुळवला. झिरकोनियाची दाढ लॅबमधून आली, स्क्रूने आवळली आणि वरचं भोक दाताच्या रंगाच्या सिमेंटने बुजवलं. निळा कागद चावायला देऊन दाब तीनतीनदा तपासला. आपला दात हाडात बारीक तंतूंवर तोललेला असतो, म्हणून तो दाबाने किंचित दबतो आणि लगेच कळवतो. इम्प्लांट थेट हाडाला जखडलेलं. त्याला ती गादी नाही. भार जास्त पडला तर ते सांगणार नाही.

त्या रात्री डाव्या बाजूने भाकरी खाल्ली. साडेचार वर्षांनी. डोळे भरून आले.

ही दाढ किडणार नाही, पण भोवतालची हिरडी सुजली तर खालचं हाड पुन्हा झिजेल, म्हणून रोज रात्री बारीक ब्रशने तिच्या कडा साफ करते आणि दर सहा महिन्यांनी दाखवून येते. परवा धाकट्या बहिणीचा फोन आला, "ताई, दाढ काढायची म्हणतात." मी तिला म्हटलं, "आधी विचार, वाचते का. नाहीच वाचली, तर काढायच्या आधीच विचार, त्या जागी काय आणि कधी बसवायचं."