क्षेत्रपालाचे पाय

१० नोव्हेंबर २०२४, नांदेड

जुनं कॅम्पेन दिवाळीआधी संपलं. आज नव्याची बोलणी झाली आणि पहिलं भांडण नियमांवरूनच. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली काढलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाला यंदा पन्नास वर्षं झाली, सप्टेंबरात खेळाडूंचं नवं नियमपुस्तक आलं. बँकेला नवंच हवं, दाळमिलला २०१४ चं. (आमच्यात माणसाला त्याच्या धंद्याच्या नावानंच हाक मारतात. गुरुजी झेडपी शाळेवर, डॉक्टर सरकारी दवाखान्यात.) शेवटी डॉक्टर म्हणाली, ‘‘नवं घ्या आन् मिटवा. मला सहाला ड्यूटी हाय.’’

डीएम (डन्जन मास्टर) मीच. म्हणजे जग माझं, त्यातला पाऊस माझा, चोर-शिपाई माझे. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. नवख्यांना हे सांगायला एक संध्याकाळ जाते. यांना काहीच सांगावं लागत नाही, आणि तीच अडचण आहे. मी ‘हिरवट कातडीचा, लांब नाकाचा’ एवढं म्हणेपर्यंत बँक मशाल पेटवून मोकळा, कारण ट्रोलची जखम जाळानं किंवा ॲसिडनंच भरायची थांबते हे त्याला तोंडपाठ. पात्राला ठाऊक नसलेलं खेळाडूनं वापरू नये, हा नियमही त्याला तोंडपाठ आहे.

१३ नोव्हेंबर

युरोपातला किल्ला, धुक्यातलं जंगल, गुत्त्यात बसलेला गूढ म्हातारा: हे सगळं यांनी इतक्यांदा पार केलंय की मलाच कंटाळा येतो. रात्री कथासरित्सागरातला गुणाढ्य पुन्हा वाचला. सातवाहनांच्या दरबारातला पंडित. पैज हरला म्हणून संस्कृत, प्राकृत आणि देशी बोली तिन्ही सोडल्या, पैशाचीत सात लाख श्लोक स्वतःच्या रक्तानं लिहिले. राजानं ते नाकारले, तेव्हा रानात बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत जाळत सुटला. राजा धावत आला तोवर एक लाखच उरले होते. हे पैठणचं. तीच गोदावरी पुढं आमच्या नांदेडात येते. अद्भुतासाठी आपण इतक्या लांब कशाला जातो, कोण जाणे.

१७ नोव्हेंबर, लातूर

सेशन झिरो. फासे पिशवीतच. काय खेळायचं आणि काय नाही, एवढंच बोलायचं. अनुभवी मंडळी ही बैठक टाळू पाहतात (‘‘आपण काय नवे हाओत का?’’), पण मला ती पहिल्या लढाईपेक्षा महत्त्वाची वाटते. आज पटलं सगळ्यांना.

गुरुजी औसा तालुक्यातले. इतकी वर्षं सोबत खेळलो, पण आजच म्हणाले, ‘‘भूकंप नको. बाकी काहीबी आण.’’ ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, आणि किल्लारी. कुणी काही विचारलं नाही. मी वहीत लिहून घेतलं: जमीन हलणार नाही.

पाणी चालेल का, हेही विचारलं. लातूरकरांना हे विचारावंच लागतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून दहा वाघिणींची पहिली पाण्याची रेल्वे इथं आली, पाच लाख लिटर घेऊन. दाळमिल हसला. ‘‘पाणीच आण. त्यात आमी एक्सपर्ट हाओत.’’ मग ठरवलं, सोन्याची नाणी नाहीत, हिशोब पाण्याचा. एरवी शिधा-पाण्याचा हिशोब हे लोक पहिल्याच दिवशी सोडून देतात.

‘‘घागरी मोजायला लावायलास व्हय बे?’’ बँक.

हो.

गुरुजींना २० तारखेला मतदान केंद्रावर ड्यूटी, म्हणून सेशन पुढं ढकललं. आमच्या खेळात ड्रॅगनपेक्षा निवडणूक आयोग जास्त आडवा येतो.

२४ नोव्हेंबर, कंधार

काल निकाल, रस्त्यावर अजून गुलाल. लोह्याकडून कंधारला वळलो. मन्याडकाठचं हे गाव राष्ट्रकूटांच्या काळात मोठं होतं. जगत्तुंग सागर हा तलाव त्या काळचाच. किल्ल्याचा खंदक रुंद, पाणी भरलेलं. पण मी आलो होतो क्षेत्रपालासाठी. त्या अजस्र मूर्तीचे तुकडे तेवढे उरले आहेत. पायाशेजारी उभं राहिलं की उरलेला देह डोक्यावर कुठवर गेला असेल, याचा अंदाज मान आपोआप घेऊ लागते.

गाडीत बसूनच लिहिलं: गावाचा राखणदार फुटला आहे. त्याचे तुकडे लोकांनी आपापल्या वाड्यांच्या पायात घातले. तळं उतरू लागलंय. हा राखणदार कुठल्याच राक्षसांच्या पुस्तकात नाही, त्यामुळं बँकेला तो पाठ नाही.

८ डिसेंबर, नांदेड

पहिलं सेशन. सुरुवात जत्रेत, जनावरांच्या बाजारात. माळेगावच्या खंडोबाची यात्रा सगळ्यांनी पाहिलेली, घोडे-गाढवं-उंटांचं वर्णन करावंच लागलं नाही. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: या टेबलावरच्या कुणाचं देणं तुझ्यावर आहे? यातून अर्धा तास भांडण आणि चारही पात्रांचा भूतकाळ निघाला. पानं-पानं इतिहास लिहून आणा म्हटलं असतं तर कुणी आणला नसता.

मग अपेक्षित हल्ला झाला. डॉक्टरचं पात्र क्लेरिक, म्हणजे मंत्र टाकणारी पुजारीण आहे. पहिल्याच पातळीला तिच्याकडं पाणी निर्माण करायचा मंत्र असतो, एका वेळी दहा गॅलन. ‘‘झाली की तुझी टंचाई!’’ दाळमिलनं टाळी दिली. बंदी घालणं सोपं होतं. ती घातली नाही.

दहा गॅलन म्हणजे अडतीस लिटर. एका घोड्याची दिवसाची तहान. पहिल्या पातळीला असे मंत्र दिवसाला दोनच. पहिली घागर भरली तशी बातमी बाजारभर झाली आणि डॉक्टरपुढं रांग लागली. दुसरा मंत्र टाकला तेव्हा शेजारच्या तांड्यावर बोंब उठली: त्यांचे हंडे रिकामे झाले होते. पाणी येतंय, पण कुठून तरी कमी होऊन.

टेबल गप्प. बँकेनं नियमपुस्तक उघडलं, पान काढलं, मिटलं.

‘‘असं कुठं लिवलंय?’’ डॉक्टर.

‘‘मंत्र तोच आहे. जग बदललंय.’’

नंतर लढाई झालीच नाही. गुरुजींचा म्हातारा चोर तांड्यावर गेला, उरलेलं पाणी परत करायला. वीसचा फासा टाकला, तीन आले. तांड्यावरच्यांनी बदडलं त्याला. तो परत आला तो वाड्याच्या जोत्यात अडकलेल्या दगडी अंगठ्याची खबर घेऊन.

९ डिसेंबर

दाळमिलचा सकाळीच फोन. एक जुना मंत्र सापडला म्हणे, त्यानं पाणी दुसरीकडून ओढलं जाणार नाही. मी म्हटलं, टाकून बघ. जुन्या खेळाडूंचं मला हेच आवडतं, ते रात्रभर शत्रूसारखा विचार करतात. त्यांना अडवण्यात अर्थ नाही, प्रत्येक युक्तीची किंमत मात्र आधीच ठरवून ठेवावी लागते. नव्या डीएमना माझं सांगणं एवढंच, की नकाशा नंतर काढा, आधी या किमती लिहा.

पुढचं सेशन २२ डिसेंबरला, लातूरला. डॉक्टरला रजा मिळाली नाही तर २९ ला.