देवघरातील बॅटरी

निपाणीच्या आमच्या आत्याबाईंच्या देवघरात, बाळकृष्णाच्या शेजारी ठेवलेल्या एका लहान पितळी डब्यात, २००७ सालच्या श्रावणात एक वस्तू सुमारे तीन आठवडे पडून होती. आकाराने काडेपेटीएवढी, पण तिच्याहून चपटी, आणि पाठीवर बारीक अक्षरांची एक ओळ. मोबाईल फोनची बॅटरी होती ती. ती देवापाशी कशी जाऊन बसली आणि कोणाच्या सांगण्यावरून बसली, हे आम्ही आजवर घराबाहेर कोणास सांगितले नव्हते.

आमचे कुटुंब मूळ गोव्याचे. एक शाखा घाट चढून बेळगावास आली, ती आमची. आत्याबाई लग्न होऊन त्याही पुढे निपाणीस गेल्या. यजमानांची तंबाखूची वखार होती. थोरले काका मात्र प्रियोळास, मंगेशीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर, वडिलार्जित घरात राहिले. भावाबहिणींच्या भेटी वर्षातून एकदोनदा. आत्याबाईंचे यजमान गेले, मुलगा नोकरीनिमित्त परमुलखी गेला, गुडघे धरले, आणि त्या भेटीही विरळ झाल्या. अशा वेळी त्यांच्या हाती मोबाईल आला. २००६ सालापासून भारतात कोठेही एका रुपयात मिनिटभर बोलण्याची सोय झाली होती. निपाणी कर्नाटकाच्या मंडळात आणि गोवा महाराष्ट्राच्या मंडळात, ही दूरध्वनी खात्याची सरहद्द तेव्हापासून खिशाला फारशी जाणवेनाशी झाली.

वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल की, मंगेशीस दर सोमवारी रात्री देवाची पालखी निघते. काका न चुकता जात. पालखी देवळाला प्रदक्षिणा घालू लागली की खिशातला फोन काढून ते निपाणीचा क्रमांक लावीत आणि तो हात उंच करून धरीत. इकडे आत्याबाई देवघरात पाट मांडून बसलेल्या असत. एकमेकांशी बोलणे असे नाहीच. नगारा, घंटा, मधूनच लोकांचा कोलाहल. पाचसात रुपयांचा हा आवाज त्या डोळे मिटून ऐकत. पालखी आत गेली की काका म्हणत, ‘‘आयकलें मगो?’’ आणि फोन बंद होई. आम्ही एकदा हे निपाणीस समक्ष पाहिले आहे.

त्या वर्षी १४ ऑगस्टला नोकिया कंपनीने जगभर एक सूचना प्रसिद्ध केली. बीएल-५सी जातीच्या ज्या बॅटऱ्या जपानच्या मात्सुशिता कारखान्याने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या अवधीत बनविल्या, त्यांतील काहींमध्ये चार्जिंग चालू असता आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊन त्या अतिशय तापतात आणि फोनमधून निसटून बाहेर पडू शकतात, असा तिचा आशय. अशा बॅटऱ्या ४ कोटी ६० लाख. जगभरातून नोंदल्या गेलेल्या घटना सुमारे १००, आणि त्यांत कोणाला गंभीर इजा झाल्याची नोंद नव्हती. हिशेब केला तर साडेचार लाखांहून अधिक बॅटऱ्यांमागे एक. कंपनीने ‘रिकॉल’ हा शब्दही वापरला नव्हता; ही नुसती सूचना, ज्याला हवी त्याने बॅटरी विनामूल्य बदलून घ्यावी, असे म्हटले होते. बॅटरीच्या पाठीवर २६ अक्षरांचा ओळखक्रमांक असतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर घालावा, म्हणजे आपली बॅटरी त्या चार कोटींतील की बाहेरची, याचे उत्तर मिळे.

इतकी साधी गोष्ट. परंतु सूचना इंग्रजीत होती आणि अफवेला भाषेची अडचण कधीच पडत नाही. आमच्या भागात तर ती मराठी, कानडी आणि कोंकणी अशा तिन्ही भाषांतून एकाच सकाळी फिरली. कोणी म्हणे फोन कानाशी धरला की फुटतो, कोणी म्हणे उशाशी ठेवू नये, कोणी म्हणे वाजला तरी उचलू नये. त्या काळी बीएल-५सी बॅटरी नोकियाच्या कितीतरी स्वस्त फोनांत असे. टॉर्चवाला ११०० हा फोन रिक्षावाल्यापासून भटजींपर्यंत सर्वांच्या खिशात होता, त्यातही हीच. त्यामुळे ज्याच्या त्याच्या खिशात जणू बाँब. देशभर कंपनीच्या सेवाकेंद्रांपुढे रांगा लागल्या.

१५ ऑगस्टला झेंडावंदन आटोपून आम्ही घरी आलो, तो आत्याबाईंचा फोन. शेजारणीने त्यांना घाबरवून सोडले होते. त्यांचाही फोन त्याच जातीचा. आम्ही सकाळचे वर्तमानपत्र वाचले होते. २६ अक्षरांची गोष्ट आम्हांला ठाऊक होती. पण सत्तरीच्या बाईंकडून फोनवरून इंग्रजी अक्षरे आणि आकडे वदवून घेत बसण्याचा आम्हांला कंटाळा आला. त्यांना ती वाचता येणार नाहीत, हे आम्ही परस्परच ठरवून टाकले. आम्ही सांगितले की, बॅटरी काढून बाजूला ठेव, चार्जिंगला लावू नकोस, आम्ही येऊन पाहू. त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, ‘‘सोमाराक दादाचो फोन येतलो न्हय?’’ सोमवारच्या आत येतो, असे आम्ही सांगितले.

दुसऱ्या दिवशी आम्ही बेळगावच्या सेवाकेंद्रात गेलो; स्वतःच्या फोनसाठी गेलो. दीड तास रांगेत उभे राहिलो. पुढे एक कानडी शेतकरी, मागे कॉलेजातली दोन मुले. जो तो बॅटरी रुमालात बांधून, अंगापासून दूर धरून उभा. आमचा क्रमांक यादीबाहेरचा निघाला. बॅटरी पुन्हा फोनमध्ये बसवून आम्ही हसतहसत घरी आलो. आत्याबाईंच्या बॅटरीची आठवण झाली नाही असे नव्हे. झाली, पण शनिवारी नागपंचमी होती, रविवारी पावसाने झोडपले होते, आणि निपाणी काही पळून जात नव्हती. बेळगावाहून दीड तासाची वाट.

सोमवारी रात्री, म्हणजे २० ऑगस्टला, काका पालखीस गेले. दोन दिवस छातीत दुखत होते, काकी नको म्हणत होती, तरी गेले. मंगळवारी पहाटे तीन वाजता प्रियोळाहून आमचा फोन वाजला. काका गेले होते.

निपाणीचा फोन बंद. शेजारच्या घरी लँडलाईन होती, ती पावसाने चार दिवस मुकी. निपाणी उत्तरेस, गोवा पश्चिमेस. आधी आत्याबाईंना आणावयास जावे तर जाऊन येऊन तीन तास, मग रात्रीच्या पावसातला घाट. तिकडे शव फार वेळ ठेवता येणार नव्हते. आम्ही मेहुण्याला पहाटेच्या पहिल्या बसने निपाणीस पाठविले आणि स्वतः घाट उतरलो. तो निर्णय बरोबर की चूक, याचा निवाडा आमच्याच्याने अजून झालेला नाही. मेहुणा पोहोचला तेव्हा आत्याबाई पूजेस बसल्या होत्या. त्यांना घेऊन तो प्रियोळास आला तेव्हा संध्याकाळचे साडेचार झाले होते. दुपारीच सर्व आटोपले होते.

काकीने काकांचा फोन आमच्या हाती दिला; कोणाकोणाला कळवावयाचे ते क्रमांक काढावेत म्हणून. लावलेल्या क्रमांकांच्या यादीत सोमवारच्या रात्री निपाणीचा क्रमांक चार वेळा होता. सव्वाआठपासून नऊपर्यंत चार वेळा. आम्ही तो फोन खिशात घातला आणि त्या रात्री कोणाला दाखविला नाही.

बारावे तेरावे झाले आणि आत्याबाईंना पोहोचवावयास आम्ही निपाणीस गेलो. घरात शिरताच आम्ही बॅटरी मागितली. ‘‘देवाकडेन दवरल्या’’, त्या म्हणाल्या. पितळी डबा उघडला, तर बॅटरीभोवती स्वच्छ धुतलेले पांढरे फडके गुंडाळलेले. आगीची वस्तू, म्हणून त्यांनी ती कपाटात ठेवली नव्हती. देवाने सांभाळावी म्हणून देवापाशी ठेवली होती.

आम्ही ती खिडकीपाशी नेली. अक्षरे मुंगीच्या पावलांएवढी. चष्मा पुढेमागे केला, दोनदा वाचले, दोन्ही वेळा संख्या निराळी भरली, एकदा २५ आणि एकदा २७. आत्याबाई काही वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी ती आमच्या हातून घेतली, उजेडाकडे तिरपी धरली आणि एकेक अक्षर आणि एकेक आकडा स्पष्ट उच्चारीत शेवटपर्यंत वाचून दाखविली. आम्ही लिहून घेतले. मोजली, तर बरोबर २६.

आम्ही चकित झालेले पाहून त्या सहज म्हणाल्या की, वखारीत तंबाखूच्या पोत्यांवर इंग्रजीत मार्के असत आणि यजमानांची दृष्टी अधू झाल्यावर बारा वर्षे ते मार्के वहीशी ताडून पाहण्याचे काम त्यांनीच केले होते. आमच्या सख्ख्या आत्याची ही गोष्ट आम्हांस त्या दिवशी प्रथम कळली. १५ ऑगस्टला आम्ही विचारले असते तर पाच मिनिटांचे काम होते.

बेळगावास येऊन क्रमांक तपासला. बॅटरी यादीत नव्हती. निर्दोष होती ती. साऱ्या श्रावणात फोनमध्ये राहिली असती तरी त्या कारणाने काही होणार नव्हते. हे आत्याबाईंना सांगावे की सांगू नये, यावर आमच्या घरी दोन दिवस वाद झाला. सौभाग्यवतींचे म्हणणे, खराब निघाली असे सांगा, म्हणजे म्हातारीला वाटेल की निदान काहीतरी टळले. आम्हांला तो मोह झाला, हे कबूल करतो. खोटे बोललो असतो तर आमचाही अपराध त्यात झाकला गेला असता. शेवटी आम्ही निपाणीस जाऊन खरे ते सांगितले, आणि चार वेळा आलेल्या त्या फोनचेही सांगितले. त्या पुष्कळ वेळ बोलल्या नाहीत. मग एवढेच विचारले की, चौथ्यांदा लावला तेव्हा पालखी आत गेली होती की बाहेर होती. आम्हांला ते ठाऊक नव्हते.

बॅटरी त्यांनी स्वतःच्या हाताने फोनमध्ये बसविली. पुढे सोमवारी फोन लावण्याचे काम काकांच्या नातवाने काही वर्षे केले.

अशा बॅटरीत होते तरी काय, हे आम्ही नंतर एका अभियंता मित्राकडून समजावून घेतले. दोन पातळ पत्रे, एक धन आणि एक ऋण, गुंडाळी करून बसविलेले. मध्ये केसाहून पातळ पापुद्रा, आणि सर्वत्र ज्वालाग्राही द्रव. पापुद्र्यास कोठे भोक पडले की दोन्ही पत्रे भिडतात आणि उष्णता वाढत जाते. म्हणजे भय अगदीच निराधार नव्हते. ज्या बाजारी बॅटऱ्यांवर ना कारखान्याचे नाव ना क्रमांक, त्यांच्या बाबतीत तर ते फारच खरे आहे. आमच्याच घरी पुढे एक अशी स्वस्त बॅटरी पुरीसारखी फुगली. तिला परत कोण मागविणार? मागविणारा आपले नाव तिच्यावर घालूनच बसलेला नव्हता. आता २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे आणि घातक माल परत घेण्याचा हुकूम देणारे केंद्रीय प्राधिकरणही झाले आहे. परंतु त्या हुकुमालाही पत्ता लागतोच, आणि पावती न घेता माल घेण्याची आमची सवय काही गेलेली नाही.

२०१६ च्या सप्टेंबरात सॅमसंगच्या गॅलक्सी नोट ७ ची गोष्ट सर्वत्र झाली. २ सप्टेंबरला कंपनीने सुमारे २५ लाख फोन परत मागविले. बदलून दिलेल्यांतूनही धूर निघू लागला, तेव्हा ऑक्टोबरात उत्पादनच कायमचे थांबविले. जानेवारी २०१७ मध्ये चौकशीचा निष्कर्ष जाहीर झाला की, दोन निरनिराळ्या पुरवठादारांच्या बॅटऱ्यांत दोन निरनिराळे दोष होते. भारतात त्या फोनची विक्री सुरूच झाली नव्हती. तरीही विमानात तो चालू करू नये, अशी सूचना आपल्याकडे निघाली आणि दूरदर्शनच्या पडद्यावर जळके फोन दिवसभर दिसू लागले.

त्या दिवसांतील एका रात्री आत्याबाईंचा फोन आला. वय ऐंशीच्या घरात, आवाज थोडा कापरा. आमच्या मुलाने नुकताच नवा फोन घेतला होता, तो त्याच कंपनीचा, हे त्यांच्या कानी गेले होते. तो कोणता फोन, हे त्यांना समजणार नाही असे वाटून आम्ही ‘काळजी नको’ म्हणून विषय मिटवू लागलो. त्यांनी आम्हांला मध्येच थांबविले.

‘‘फोन बंद करूं नाका,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पयलीं ताचेर कितें बरयलां तें वाच. हांव बरोवन घेतां.’’

आम्ही मुलाला हाक मारली, त्याचा फोन मागून घेतला, चष्मा लावला आणि वाचू लागलो. पलीकडे कागदावर पेन्सिल सरकल्याचा आवाज येत होता.